शिक्क्यांचा कमरपट्टा
(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची सात माणसं चार दिवस महाबळेश्वरला होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि कुरिअरचा पोरगा पार्सल घेऊन आत आला. सुट्टीत डोंगरावर येऊन पार्सल कुणी मागवलं, म्हणून आम्ही एकमेकांकडं बघतोय, तेवढ्यात माझी भाची धावत पुढं आली. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बेली डान्सच्या वर्गाला जाते. जूनमधे वर्गाचा कार्यक्रम होता. त्यासाठी कमरेला बांधायचं कापड तिनं मोबाइलवरून मागवलं होतं आणि पत्ता इथला दिला होता.

पार्सल उघडलं. आत जांभळ्या शिफॉनचा तिकोनी तुकडा, त्याला तीन ओळींत सोनेरी चकत्या लावलेल्या. तिनं तो झटकला मात्र, एका ओळीचा दोरा सुटला आणि व्हरांड्याच्या फरशीवर चकत्यांचा सडा पडला. विकणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. परत पाठवायचं तर कार्यक्रम निघून जाणार. भाची रडवेली झाली. आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, चकत्या वेचता वेचता म्हणाली, "बरंच झालं. हे असलं बांधून चारचौघांत नाचणार होतीस का?"

आता गंमत पाहा. हीच माझी बहीण. मागच्या डिसेंबरमधे तिच्या नातीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. 'नटरंग' चित्रपटातल्या लावणीवर नाच बसवलेला. तेव्हा हिनंच मोबाइलवरून शिवलेली तयार नऊवारी, कमरपट्टा, नथ, बाजूबंद, अंबाडा आणि घुंगरं असा सगळा संच मागवला होता आणि त्या नाचाची चित्रफीत आम्हाला आठ वेळा पाठवली होती. मोबाइल तोच, बोट तेच, दोन्ही पार्सलांत नाचणारीचेच कपडे. मग एकाचं कौतुक आणि दुसऱ्याची लाज का? मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आहे. चकत्या गोळा करताना मला हा प्रश्न सोडवेना. आजचं बोलणं त्यातूनच निघालेलं आहे.

सुरुवात त्या चकतीपासूनच करू. पत्र्याची, पाव रुपयाएवढी, हलकी. एका बाजूला कसलीशी अक्षरं, पण कुठल्याच भाषेतली नव्हेत. नाण्यासारखं दिसावं म्हणून काढलेली. म्हणजे ही चकती नाण्याची नक्कल आहे. इंग्रजीत अशा चमकणाऱ्या टिकलीला 'सिक्विन' म्हणतात. हा शब्द आला 'झेक्किनो'वरून, आणि झेक्किनो हे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं नाव. व्हेनिसनं हे नाणं १२८४ साली पाडायला सुरुवात केली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध, आणि पाचशे वर्षं त्यात फारसा फरक पडला नाही. व्हेनिसच्या टांकसाळीला म्हणत 'झेक्का', त्यावरून झेक्किनो. आणि झेक्का हा शब्द अरबी 'सिक्का'वरून, म्हणजे नाणं पाडायचा ठसा. तोच सिक्का फारसीतून आपल्याकडं आला आणि मराठीत शिक्का झाला. तर भाचीच्या कमरपट्ट्यावरची टिकली आणि आपल्या तलाठ्याच्या कागदावरचा शिक्का ही दोन्ही एकाच घरची लेकरं.

बरं, नातं शब्दापुरतंच नाही. व्हेनिसचं हे नाणं इजिप्तच्या बाजारात चालायचं, तसं समुद्रमार्गे दख्खनमधेही यायचं. त्यावर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं पुतळी. पुतळ्यांची माळ म्हणून जो दागिना आपल्या आज्यांच्या गळ्यात असायचा, तो मुळात या नाण्यांचाच. आज सराफ पुतळ्यांवर लक्ष्मी उठवतात, ती नंतरची.

नाणं अंगावर घालायचं कारण सोपं आहे. ज्या बाईला पेढीवर खातं नाही, जमीन नाही, घरही स्वतःच्या नावावर नाही, तिची शिल्लक तिच्या अंगावर. आणि जिला गावोगाव फिरून पोट भरायचं आहे, तिच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. अल्जीरियातल्या उलेद नाईल जमातीच्या नाचणाऱ्या बायका कमावलेली नाणी ओवून अंगावर घालत. नाचताना त्यांचा आवाज होई तो आधी कमाईचा, मग तालाचा. आज कमरेच्या फडक्याला जी नाणी लावतात, ती त्या कमाईची सावली. कमाई गेली, आवाज उरला.

आता हा नाच. आपल्यापैकी बहुतेकांनी बेली डान्स पहिल्यांदा पाहिला तो १९७५ च्या 'शोले'त. जिप्सींचा तळ, जलाल आगा वाजवतोय आणि हेलन नाचतेय. त्यामुळं बेली डान्स म्हणजे खलनायकाच्या अड्ड्यावरचा प्रकार ही आपली समजूत. नावही त्याला धार्जिणं नाही. अरबीत त्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. 'पोटाचा नाच' हे नाव फ्रेंचांनी दिलं आणि इंग्रजीनं त्याचं भाषांतर केलं.

ते नाव जगभर गेलं १८९३ साली, शिकागोच्या प्रदर्शनातून. शिकागो आणि १८९३ म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात, आणि ते योग्यच आहे. सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती. पण त्याच प्रदर्शनाच्या करमणुकीच्या भागात 'कैरोची गल्ली' उभारली होती आणि तिथल्या नाचघरात इजिप्त-सीरियाकडच्या नर्तकी नाचत. गर्दी लोटली, तसा गहजबही झाला. अँथनी कॉमस्टॉक नावाचे नीतिरक्षक न्यूयॉर्कहून आले आणि नाच बंद करा म्हणाले. त्या वेळची छायाचित्रं पाहिली तर आश्चर्य वाटतं. पायघोळ घागरा, आत सदरा, वर जाकीट. पोट दिसतच नाही! धक्का बसला होता तो उघड्या अंगाचा नव्हे. पोलादी पट्ट्यांच्या घट्ट कॉर्सेटमधे कमर आवळून बसलेल्या बायकांच्या समाजात एका बाईची कमर मोकळी हलत होती, त्याचा होता.

मग आज दिसतो तो दोन तुकड्यांचा, टिकल्यांनी मढवलेला पोशाख कुठला? तो कैरोचाच, पण नाचघरांतला. १९२६ साली बदिया मसाबनी या बाईंनी कैरोमधे आपला कॅसिनो काढला. तिथं येणारं गिऱ्हाईक देशी तसं गोरंही. पूर्वेकडची नर्तकी कशी दिसते याची कल्पना गोऱ्या साहेबानं आपल्या चित्रांतून आणि पुढं हॉलिवूडच्या सिनेमातून पक्की केली होती, आणि कैरोच्या नर्तकीनं व्यवहार ओळखून ती कल्पनाच अंगावर चढवली. तहिया कारिओका, सामिया गमाल या बदियाबाईंच्या हाताखालून तयार झालेल्या नर्तकी पुढं इजिप्तच्या सिनेमात तारका झाल्या. तहियाबाईंवर तर एडवर्ड सैद यांच्यासारख्या विद्वानानं १९९० साली आदरानं लेख लिहिला.

पण या तारकांच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. इजिप्तमधे गवाझी नावाच्या नाचणाऱ्या बायका होत्या. घराणी धरून नाचायच्या, रस्त्यात, लग्नात, अंगणात. १८३४ साली मुहंमद अली पाशाच्या सरकारनं त्यांना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेकडं एस्ना वगैरे गावांत धाडलं. कारण तेच, नेहमीचं: नीती. त्यानंतर कैरोत नाच थांबला का? नाही. एडवर्ड लेन या इंग्रजानं १८३६ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की शहरात पुरुष नाचे होते, बायकी पोशाख करून नाचणारे. बाई घालवली, तिचा पोशाख, तिचे दागिने आणि तिची चाल ठेवून घेतली.

हे वाचताना आपल्याला ओळखीचं वाटत नाही?

महाबळेश्वरहून पसरणीचा घाट उतरला की वाई. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, पलीकडं मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचं काम इथंच उभं राहिलं. वाई म्हटलं की विद्येचं गाव. आणि याच गावाचं नाव आडनावासारखं लावून एक बाई पाऊण शतक लावणी गात होती: यमुनाबाई वाईकर.

यमुनाबाईंचा जन्म १९१५ सालचा, महाबळेश्वरच्याच परिसरातला, कोल्हाटी समाजातला. पहिली तालीम आईकडून, गीताबाईंकडून. लहानपण फिरस्तीत गेलं. पुढं यमुना-हिरा-तारा वाईकर या नावानं त्यांची पार्टी गाजली. यमुनाबाईंची खासियत बैठकीची लावणी. त्यात धावपळ नाही, उड्या नाहीत. बाई बसलेली असते. एकच ओळ ती दहा वेळा म्हणते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो: कधी नजरेनं, कधी बोटांनी, कधी नुसत्या पदरानं. पदर हे तिथं वाद्यच म्हणायचं. तो कधी सरकवायचा, कधी दातांत धरायचा, कधी गोळा करून मांडीवर ठेवायचा, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. मला म्हणूनच त्या शिवलेल्या नऊवारीची मौज वाटते. विजारीसारखी पाय घालून चढवायची, निऱ्या आधीच टाचलेल्या, पदर खांद्यावर पिनांनी जखडलेला. लहान पोरीची सोय झाली हे कबूल. पण लावणीतलं अर्धं बोलणं त्या पिनांखाली अडकून पडलं.

यमुनाबाईंना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. २०१८ च्या मे महिन्यात वाईतच त्यांनी शेवटचा श्वास घेतला, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षानंतर. पुरस्कार मिळाले याचा आनंदच आहे. पण शहाण्णव ही संख्या मी मुद्दाम सांगितली.

कोल्हाटी समाजातल्या नाचणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय येई, हे किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ सालच्या आत्मकथनानं उघडं केलं. जी पायात चाळ बांधते तिनं लग्न करायचं नाही. तिच्या कमाईवर बाप, भाऊ, त्यांची बायकापोरं बसून खाणार. पैसेवाला मालक येतो, अंगावर दागिना घालतो, आणि त्या दागिन्याचा हिशेब घरातले पुरुष करतात. पुतळ्यांची माळ गळ्यात हिच्या, शिल्लक दुसऱ्याची! चाळ हा शब्दही ऐका. आपण घुंगरं बांधतो. ती चाळ बांधते. आपलं बांधणं सोडता येतं. तिच्या तोंडी तो वाक्प्रचार आला की त्याचा अर्थ आयुष्यभराचा असतो.

आणि इथं तर आधी बाई नव्हतीच. जुन्या तमाशात लुगडं नेसून नाचायचा तो नाच्या पोऱ्या. पठ्ठे बापूराव, म्हणजे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, हे कुळकर्ण्यांचं घर सोडून तमाशात शिरले आणि त्यांच्या फडात पवळा उभी राहिली. तमाशाच्या बोर्डावर नाव मिळवलेल्या पहिल्या बायकांत तिची गणना होते. गावकीनं दोघांनाही माफ केलं नाही; पण बापूरावांचं निदान नाव-गाव-घराणं लिहिलं गेलं. पवळेबद्दल आपल्या हाती उरल्या त्या बहुतेक दंतकथा.

आता त्याच सांगलीकडच्या मातीतलं दुसरं उदाहरण घ्या. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. तिथंही बायकांची कामं पुरुषच करायचे. त्या परंपरेचा कळस म्हणजे बालगंधर्व, नागठाण्याच्या राजहंस घराण्यातले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिचा कपडेपट म्हणजे दंतकथेचा विषय. खरे भरजरी शालू, खरी अत्तरं. खर्चाला धरबंध नाही आणि कर्जालाही नाही. बालगंधर्व रंगभूमीवर ज्या तऱ्हेनं लुगडं नेसत, अंबाडा घालत, पदर घेत, ते पाहून पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका तसं नेसू लागल्या. मला बालगंधर्वांविषयी अपार आदर आहे, त्यांचं गाणं मी आजही रोज ऐकते. पण इतिहास म्हणून एवढं नोंदवायलाच हवं: त्या काळात एका पुरुषाच्या अंगावरचं लुगडं कुलीन घरांत नक्कल करण्याजोगं ठरलं, आणि तेच नऊ वार लुगडं नेसून पवळा उभी राहिली की लोक नजर खाली घालत, निदान दिवसा तरी.

कपड्याला पत मिळाली ती अशी, नाचणारीला वगळून. पुढंही तसंच चाललं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारनं तमाशावर बंधनं आणली. मग प्रयोगाआधी मजकूर तपासून घ्यायची अट आली. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'पासून १९७२ च्या 'पिंजरा'पर्यंत मराठी सिनेमा मात्र लावणीवर भरभरून चालला. 'नटरंग' आला २०१० च्या पहिल्या दिवशी, आणि त्यातल्या लावण्या दूरदर्शनच्या स्पर्धांत, गणेशोत्सवात, शाळांच्या गॅदरिंगमधे, थेट अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत पोचल्या. ज्या घरांनी पन्नास वर्षांपूर्वी मुलीला तमाशाच्या तंबूकडं बघू दिलं नसतं, त्या घरांत आता नऊवारीचं पार्सल येतं. वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण हे पार्सल जिच्या अंगावरून आलं, तिच्या घरी याचा एक पैसा पोचत नाही, आणि तिच्या मुलीला शाळेत नाव सांगताना आजही आवंढा गिळावा लागतो, हेही त्याच वेळी खरं आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर दौलतजादाबद्दल बोलू. संगीतबारीत किंवा फडात प्रेक्षक खूश होऊन पैसे देतो, ती दौलतजादा. नाणं उधळायचं आणि ते बाईनं वेचायचं, ही रीत. आपल्या राज्यात २००५ साली डान्सबारवर बंदी आली तेव्हा कायद्यात मोठी गमतीची मेख होती: साध्या बारमधे नाच बंद, पण तारांकित हॉटेलांत चालू. २००६ साली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. मग २०१६ चा नवा कायदा, आणि २०१९ च्या जानेवारीत त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: नाचणारीला बक्षिशी देता येईल, पण तिच्यावर पैसे उधळता येणार नाहीत. हे वाचून मला बरं वाटलं. निदान एवढं तरी कुणी म्हणालं, की पैसा हातात द्यावा, अंगावर फेकू नये. अर्थात २००५ नंतरच्या वर्षांत ज्या बायकांची रोजी गेली, त्यांना निकालाची प्रत खाता आली नाही.

आता खरेदीकडं वळते, कारण बहिणीशी माझा वाद तिथंच झाला. ती म्हणे, बाजारात वस्तू बघून घ्यावी, मोबाइलवर फसवतात. फुटका दोरा समोर असल्यामुळं तिचं पारडं जड होतं. पण नाचणारीचं सामान कुठल्याच काळात सुखानं दुकानातून आणलं गेलेलं नाही. तमाशातल्या बाईला बड्या पेठेत उजळ माथ्यानं शालू बघता येत नसे. दुकानदार घेई तिचे पैसे, पण पायरीवर बसवून. मोबाइलचा दुकानदार तोंड बघत नाही, हा त्याचा गुण मला मान्य आहे. कोण मागवतंय, कशासाठी मागवतंय, घराणं कुठलं, हे तो विचारत नाही.

मात्र त्याला कान नाहीत. घुंगरू हे डोळ्यांनी घ्यायचं काम नव्हे. पितळेची घुंगरं आणि घंटा यांचं मोठं केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातलं एटा जिल्ह्यातलं जलेसर. तिथला माल देशभर जातो. एका पायात शंभर घुंगरं असतील आणि त्यांतली दहा बद्द बोलणारी निघाली तर सगळा चाळ बिघडतो. म्हणून जुन्या बायका ढीग पुढ्यात घेऊन एकेक घुंगरू कानाशी हलवून निवडत, मग चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या पट्टीवर शिवून घेत. मिरजेला जाऊन तंबोरा घेणारा गवई काय वेगळं करतो? तो तारा छेडून जवारी ऐकतो, मग भाव विचारतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चाळ ओवणाऱ्या हाताला कसलं मानांकन द्यायचं, हे अजून कुणाला सुचलेलं नाही.

आणि एक मजेची गोष्ट. भाची म्हणाली, "मावशी, वर्गातल्या पुष्कळ मुली चोळ्या अमेरिकेतल्या दुकानातून मागवतात." मी विचारलं, चोळ्या? तिनं मोबाइलवर दाखवलं. खरोखर इंग्रजीत 'चोळी'च लिहिलेलं. याचाही इतिहास आहे. १९६८ साली जमीला सलीमपूर यांनी कॅलिफोर्नियात 'बाल अनात' हा नृत्यसंघ काढला, आणि १९८७ साली कॅरोलिना नेरिच्चिओ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आणखी एक. या परंपरेतून बेली डान्सचा जो अमेरिकी प्रकार घडला, त्याचा पोशाखच मुळी असा: पाठीला बंद बांधायची चोळी, वीस-पंचवीस वारांचा घेरदार घागरा, अंगावर बंजाऱ्यांसारखे जड दागिने. म्हणजे आपल्या तांड्यावरच्या बाईची चोळी सातासमुद्रापार गेली, अरबी नाचाला चिकटली आणि डॉलरचा भाव लावून पुण्याच्या मुलीकडं परत आली. व्हेनिसचं नाणं अशाच फेऱ्यानं कैरोला आणि आपल्याकडं आलं होतं. महाबळेश्वरला तर अशा फेऱ्यांचं नवल नसावं. १८२९ च्या सुमारास माल्कमसाहेबानं प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेऊन पेठ वसवली, तेव्हा साहेबांचं सामान महाडपर्यंत गलबतानं आणि तिथून हमालांच्या डोक्यावरून वर चढत असे. मागवायची आणि वाट बघायची सवय या डोंगराला दोनशे वर्षांची आहे.

चौथ्या दिवशी आम्ही खाली उतरलो. सुटलेल्या चकत्या मी रुमालात बांधून घेतल्या होत्या. वाईच्या बाजारात एक म्हातारे पटवेकरी आहेत. गाठी, पोती, जुन्या माळा ओवून देतात. आता हे काम करणारे फार उरलेले नाहीत. त्यांच्यापुढं रुमाल सोडला. बहीण मुद्दाम दोन पावलं लांब उभी राहिली.

त्यांनी एक चकती तळहातावर घेऊन जोखली आणि हसले. "पुतळ्या न्हाईत ह्या, ताई. वजनच न्हाई."

"नाहीतच. नुसत्या आवाजाच्या आहेत," मी म्हणाले.

"मग दोरा जाड लागंल. हलक्या चकतीला झटका जास्त बसतो." त्यांनी रेशमाचा पीळ काढला, मेणातून ओढला आणि पायाच्या अंगठ्याला अडकवून ओवायला बसले. पाच-सात चकत्या झाल्यावर मान वर न करता विचारलं, "नाचणार कोण?"

मी काही बोलायच्या आत लांबून बहिणीचाच आवाज आला, "माझी मुलगी."

"बरं," म्हातारे म्हणाले, "तर मग दर दोन चकत्यांमागं एक गाठ मारतो. एक तुटली तरी बाकीच्या जागच्या जागी ऱ्हातील." आणि ओवलेल्या चार गाठी सोडून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.